घर घेणे, विकणे, भाड्याने देणे : नफा-तोट्याच्या धड्यातला विसरलेला वरखर्च



नफा-तोटा हा घटक आपण सगळेच शिकवतो. एका दुकानदाराने ८०० रुपयांना खुर्ची घेतली, ५० रुपये वाहतुकीला आणि १०० रुपये रंगाला दिले, मग ती १००० रुपयांना विकली. नफा किती? वर्गातली निम्मी मुले लगेच हात वर करतात आणि सांगतात, "२०० रुपये!" मग आपण फळ्यावर लिहितो : एकूण खरेदी किंमत = मूळ किंमत + वरखर्च. खरे उत्तर येते ५० रुपये.

खुर्चीच्या जागी फ्लॅट किंवा प्लॉट आला की आपण मोठी माणसेसुद्धा घाईच्या मुलांसारखे उत्तर देतो. "अमक्याने साताऱ्यात तीस लाखाला फ्लॅट घेतला, वर्षात सदतीसला गेला, सात लाख सुटले." मधल्या सुट्टीत डबा खाताना असे किस्से आपण ऐकतोच. कोरेगाव, रहिमतपूर, वाठार स्टेशन, साताऱ्याचा उपनगरी भाग, सगळीकडे प्लॉट आणि फ्लॅटच्या जाहिराती दिसतात. शिक्षकाला पगार नियमित, कर्ज लवकर मिळते, म्हणून एजंटही आपल्याकडे आधी येतात. पण हा निर्णय एकदा चुकला तर वीस वर्षांचे हप्ते मानगुटीवर बसतात. म्हणून आज या विषयाचे गणित आणि कागद, दोन्ही सोप्या भाषेत पाहूया.

एक सूचना आधीच : खालच्या उदाहरणांतल्या किमती समजण्यासाठी धरलेल्या आहेत. शुल्क आणि कराचे दर बदलत असतात. व्यवहाराच्या दिवशीचा दर दुय्यम निबंधक कार्यालयात आणि कर सल्लागाराकडे विचारूनच घ्यावा.

१. पहिला प्रश्न : घर कशासाठी?

घर तीन कारणांसाठी घेतले जाते. राहायला, पुढे विकायला किंवा भाड्याने द्यायला. तिन्हींचे गणित वेगळे आहे. बहुतेक घरांत मात्र असे बोलणे होते : "घेऊन तर ठेवू. राहिलो तर राहिलो, नाहीतर भाड्याने देऊ, नाहीतर विकू." इथेच घोळ होतो. राहायला चांगले असलेले घर भाड्याने द्यायला परवडेलच असे नाही. विकायला चांगला असलेला प्लॉट भाड्याचा एक रुपयाही देत नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच हेतू लिहा आणि पुढचे सगळे आकडे त्या हेतूने तपासा.

२. वरखर्चाची यादी

३० लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे असे धरू.

मुद्रांक शुल्क : ठिकाणानुसार दर वेगळा असतो. इथे ६ टक्के धरू, म्हणजे १,८०,००० रुपये.
नोंदणी फी : १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ३०,०००.
एजंटची दलाली : १ टक्का धरली तर ३०,०००.
वकील, शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) आणि कागदपत्रे : १५,०००.
एकूण वरखर्च : २,५५,००० रुपये.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटी वेगळा लागतो. एप्रिल २०१९ पासून तो ५ टक्के आहे. परवडणाऱ्या घरांसाठी, म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि महानगरांबाहेर चटईक्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर, १ टक्का आहे. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही.

इथे एक बचतही आहे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर घेतल्यास ती मिळत नाही. आपल्या ३० लाखांच्या उदाहरणात हे ३०,००० रुपये होतात.

३. राहायला घ्यायचे असेल तर

आपल्या नोकरीत बदली आहे. म्हणून "घेऊ का भाड्याने राहू" याचे उत्तर तुम्ही तिथे किती वर्षे राहणार यावर ठरते.

वरखर्चाचे २,५५,००० रुपये परत मिळत नाहीत. ते राहण्याच्या वर्षांवर वाटून बघा. तीन वर्षांत घर सोडावे लागले तर वर्षाला ८५,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ७,१०० रुपये नुसते वरखर्चाचे झाले. इतक्यात आपल्या भागात एखादी चांगली जागा भाड्याने मिळू शकते. पंधरा वर्षे राहिलात तर हाच खर्च महिन्याला सुमारे १,४०० रुपयांवर येतो. म्हणजे लवकर बदली होणार असेल तर भाड्याने राहणे शहाणपणाचे. मुलांची शाळा, आई-वडिलांचा दवाखाना, गावाकडची शेती या सगळ्यामुळे ठिकाण पक्के झाले असेल तर घर घेणे योग्य.

आता हप्त्याकडे पाहू. २० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षे मुदत. हप्ता येतो साधारण १८,००० रुपये. पहिल्या महिन्यात या १८ हजारांपैकी १५ हजार व्याज असते आणि फक्त ३ हजार मुद्दल फिटते. वर्षभरात तुम्ही २,१६,००० रुपये भरता, पण कर्ज कमी होते सुमारे साडेसदतीस हजारांनी. वीस वर्षांत एकूण भरणा जातो ४३ लाखांच्या पुढे. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत फरकाची रक्कम किंवा जास्तीचे पैसे हातात आले तर ते मुद्दलात भरा. त्याचा फायदा शेवटच्या वर्षांपेक्षा सुरुवातीला कितीतरी जास्त होतो. हे पालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण बरेच जण हप्ता पाहतात आणि मुदत विसरतात.

४. घेऊन विकायचे असेल तर

आता सुरुवातीच्या "सात लाख सुटले" या उदाहरणाकडे येऊ. फ्लॅट ३० लाखांना घेतला. टाइल्स, ओटा, वायरिंग यावर दीड लाख खर्च केला. वर्षाने ३७ लाखांना विकला. मांडणी करू.

मूळ किंमत : ३०,००,०००
वरखर्च : २,५५,०००
दुरुस्ती : १,५०,०००
एकूण खरेदी : ३४,०५,०००
२० लाख कर्जाचे वर्षाचे व्याज (९ टक्के) : १,८०,०००
वर्षाची घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स : २०,०००
विकताना दलाली (१ टक्का) : ३७,०००
सगळा खर्च : ३६,४२,०००

३७,००,००० वजा ३६,४२,००० म्हणजे हातात राहिले ५८,००० रुपये.

अजून प्राप्तिकर बाकी आहे. घर घेतल्यापासून २४ महिन्यांच्या आत विकले तर होणारा नफा अल्पकालीन भांडवली नफा धरला जातो आणि तो आपल्या पगारात मिळवून आपल्या टप्प्याच्या दराने कर लागतो. दुरुस्तीची बिले जपून ठेवली आहेत असे धरू. कर्जाचे व्याज या हिशेबात वजा धरलेले नाही. मग नफा येतो ३७,००,००० वजा ३७,००० वजा ३४,०५,०००, म्हणजे २,५८,०००. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह कर सुमारे ५३,७०० रुपये. शिल्लक राहिले साधारण ४,३०० रुपये.

सात लाखांचे चार हजार झाले. आणि आपले स्वतःचे घातलेले १४,०५,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवीत असते तर वर्षाला सुमारे ९८,००० रुपये व्याज आले असते.

याचा अर्थ कुणालाच फायदा होत नाही असा नाही. ज्याला कर्ज काढावे लागत नाही, ज्याने अडचणीतल्या विक्रेत्याकडून खरोखर कमी भावात घेतले, किंवा ज्याच्या भागात रस्ता, कॉलेज, दवाखाना येऊन मागणी वाढली, त्याचे गणित वेगळे येते. पण "किंमत वाढेल" एवढ्या भरवशावर कर्ज काढून घर फिरवायला निघालात तर सुरुवातीची वाढ तर नुसती खर्चातच जाते. शिवाय घर सोने नाही. ते विकायला कधी सहा महिने लागतात, तर कधी दोन वर्षे, आणि तेवढे दिवस हप्ता चालूच राहतो.

लक्षात ठेवण्यासारख्या आणखी चार गोष्टी :

(अ) २४ महिन्यांनंतर विकले तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के दराने कर मोजण्याचा पर्यायही व्यक्तींना आहे. राहते घर विकून ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतले तर दीर्घकालीन नफ्यावर सूट मिळू शकते. मुदत अशी : विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत खरेदी, अथवा ३ वर्षांत बांधकाम.

(आ) कर्जाच्या मुद्दलावर जुन्या करप्रणालीत ८०सी खाली वजावट घेतली असेल आणि ताबा मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत घर विकले, तर ती वजावट पुन्हा उत्पन्नात धरली जाते.

(इ) बिल्डरकडून गुंतवणूकदार म्हणून घेतलेला फ्लॅट पुढे विकल्यास आधी भरलेले मुद्रांक शुल्क पुढच्या दस्तात वजा करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. २०२२ साली तिची मुदत १ वर्षावरून ३ वर्षांवर नेली. मात्र त्यासाठी पहिल्याच करारात तसा उल्लेख असावा लागतो. वकिलाला आधी विचारा.

(ई) "थोडे रोखीत घ्या" हा आग्रह टाळा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. रोख दिलेले पैसे कागदावर येत नाहीत, त्यामुळे पुढे विकताना आपली खरेदी किंमत कमी दिसते आणि आपलाच कर वाढतो.

५. भाड्याने द्यायचे असेल तर

"भाडं हप्ता भरतं" हे वाक्य सगळ्यांनी ऐकले असेल. बघू, भरते का.

त्याच फ्लॅटला महिना ९,००० रुपये भाडे मिळते असे धरू. वर्षात एक महिना जागा रिकामी राहते. ११ महिन्यांचे ९९,००० रुपये आले. मेंटेनन्स १४,४००, घरपट्टी ४,००० आणि किरकोळ दुरुस्ती ८,००० गेले. राहिले ७२,६००, म्हणजे महिन्याला ६,०५०. हप्ता आहे १८,०००. दर महिन्याला जवळजवळ १२,००० रुपये आपल्या पगारातून घालावे लागतात. ३२,५५,००० गुंतवणुकीवर हे उत्पन्न येते वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.

आता दुसरे उदाहरण. कोरेगावात आपले घर आहे आणि त्यावर किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत बांधकामाला परवानगी मिळते. ३५० चौरस फुटांची खोली आणि स्वयंपाकघर १,८०० रुपये चौरस फूट दराने बांधले. खर्च ६,३०,०००. भाडे ४,००० रुपये. ११ महिन्यांचे ४४,००० मिळाले, त्यातून दुरुस्तीचे ४,००० वजा केले. ४०,००० रुपये म्हणजे गुंतवणुकीवर ६ टक्क्यांच्या वर. भाडे निम्म्याहून कमी, पण परतावा जवळजवळ तिप्पट! कारण जमीन आपलीच आहे आणि तिची किंमत नव्याने मोजावी लागली नाही. तालुक्याच्या गावी बँकेचे कर्मचारी, कॉलेजची मुले, बदलून आलेले शिक्षक आणि आरोग्यसेवक यांना अशा लहान जागा हव्या असतात. घरमालक शेजारीच असल्यामुळे देखभालही सोपी होते. ज्यांना भाड्याचे उत्पन्न हवे आहे त्यांनी पुण्यातला फ्लॅट बघण्याआधी आपल्या घराची गच्ची बघावी.

भाड्याच्या उत्पन्नावरही कर आहे. मात्र भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीची बिले दाखवावी लागत नाहीत.

६. भाडेकरार : ११ महिन्यांचा गैरसमज

"११ महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, स्टँपवर नोटरी केली की झाले." हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यातली खरी अडचण पुढे आहे. करार नोंदणीकृत नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे हे घरमालकाला सिद्ध करावे लागते. भाडे किती, मुदत किती, डिपॉझिट किती, सगळेच त्यात आले. उलट लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली ताबा मागता येतो आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक परतीच्या डिपॉझिटवरचे वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. ४,००० रुपये भाडे आणि २०,००० डिपॉझिट असेल तर हे शंभर-दोनशे रुपयांच्या घरात येते. नोंदणी फी ग्रामीण हद्दीत ५०० आणि शहरी हद्दीत १,००० रुपये. ही नोंदणी ऑनलाइनही करता येते. एवढ्या पैशांत वर्षभराची झोप शांत लागत असेल तर ती महाग नाही. भाडेकरूच्या ओळखपत्रांच्या प्रती घेऊन त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यायलाही विसरू नका.

भाड्याने राहणाऱ्या शिक्षकांनो, हे तुमच्याही फायद्याचे आहे. डिपॉझिट परत मिळण्याचा पुरावा हाच करार असतो.

७. गावचे घर आणि गुंठ्याचा प्लॉट : कागद कोणते बघायचे?

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ : घरपट्टी ज्याच्या नावाने आकारली जाते त्याची ही नोंद आहे. मालकीचा हा पुरावा नव्हे. "ग्रामपंचायतीच्या उताऱ्याला नाव लावून देतो" असे सांगून नोटरीवर घर विकले जाते. अशाने मालकी येत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मिळकत पत्रिका : गावठाणातल्या घरांसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा. ज्या गावठाणांचे नगर भूमापन झालेले नव्हते तिथे २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशा पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या घराच्या पत्रिकेतले नाव आणि क्षेत्र बरोबर आहे का, हे आजच तपासा.

वारस आणि बहिणी : गावाकडचे घर बरेचदा आजोबांच्या नावावर असते आणि वारस मुंबई-पुण्यात असतात. एकट्या भावाने सही करून घर विकले तर व्यवहार पुढे कोर्टात अडकतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. म्हणून वारसनोंद आधी, बहिणींसह सगळ्यांची संमती मग, आणि विसार शेवटी.

सातबारा : फक्त नाव आणि क्षेत्र बघून थांबू नका. "इतर हक्क" हा रकाना वाचा. तिथे बँकेचा बोजा, कूळ, विहिरीचा किंवा वाटेचा हक्क, न्यायालयीन दावा यांच्या नोंदी असतात. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे बघा. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेपासून धोम-कण्हेरपर्यंत धरणे झाली, त्यामुळे काही गावांत पुनर्वसनाच्या जमिनी आणि तसे शेरे आढळतात. त्या जमिनींवर हस्तांतरणाची बंधने असू शकतात. सोबत जुने फेरफारही काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो.

क्षेत्राचे गणित : एजंट गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १ गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट = १०८९ चौरस फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरचा हेक्टर. दोन्ही एकच समजू नका.

तुकडेबंदी : शेतजमिनीतले एक-दोन गुंठे घ्यायचे तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागासाठी किमान क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरवले गेले. अलीकडे वस्तीच्या भागातले जुने छोटे व्यवहार नियमित करण्याची पावले शासनाने उचलली आहेत, पण त्यामुळे कुठलाही गुंठा कायदेशीर झाला असे समजू नये. काही ठिकाणी पाच-दहा जणांना मिळून सामाईक खरेदी करायला लावतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे येतात, पण आपला कोपरा कुठला हे कागदावर कुठेच नसते. अशा प्लॉटवर कर्ज, बांधकाम परवाना आणि पुढची विक्री, तिन्ही अवघड. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन (लेआउट) आणि भूमी अभिलेखची मोजणी, ही तीन कागदे असतील तरच पुढे जा. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

८. फ्लॅट घेताना

महारेरा : १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात हे प्राधिकरण काम करते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा ८ पेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन करा आणि ताब्याची तारीख, मंजुऱ्या, दावे स्वतः वाचा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. दर चटईक्षेत्रावर (कार्पेट) काढा, "सुपर बिल्टअप"वर नको. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाचा मूळ दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा आहे.

भोगवटा प्रमाणपत्र : इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आणि राहण्यास योग्य आहे, असे सांगणारा हा कागद. तो नसेल तर फ्लॅट स्वस्त मिळतो आणि लोक त्यालाच भुलतात. मुंबईतल्या वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीचे उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावे. १९८० च्या दशकात तिथे मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवले गेले. कुटुंबे पंचवीस-तीस वर्षे राहिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले अनधिकृतच असल्याचा निर्णय कायम ठेवला आणि जून २०१४ मध्ये त्या घरांचे वीज-पाणी तोडण्यात आले. इतकी वर्षे राहिलो, कर भरला, म्हणून बेकायदा मजला कायदेशीर होत नाही. हा नियम साताऱ्यातल्या चार मजली इमारतीलाही तसाच लागू आहे.

९. आपल्या नोकरीचा नियम

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत. स्थावर मालमत्ता घेताना-विकताना कार्यालयाला कळवावे लागते. ते लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. नोकरीत असताना खासगी व्यापार करता येत नाही. राहायला एक घर घेणे, गरजेपोटी ते विकणे किंवा खोली भाड्याने देणे वेगळे, आणि दर वर्षी प्लॉट घेऊन विकण्याचा धंदा करणे वेगळे. सहकाऱ्यांमध्ये हा मुद्दा क्वचितच बोलला जातो, म्हणून मुद्दाम लिहिला.

१०. मुलांसाठी उपक्रम

पाचवी ते सातवीच्या मुलांना हा विषय नक्की देता येतो. घरातल्या मोठ्यांकडून घरपट्टीची पावती मागून घ्यायला सांगा आणि वर्षाची रक्कम १२ ने भागून महिन्याचा खर्च काढा. शाळेच्या मैदानावर चुन्याने ३३ फूट × ३३ फुटांचा चौकोन आखा. एक गुंठा केवढा असतो हे मुलांना एकदा चालून कळले की ते कधीच विसरत नाहीत. मग त्याच चौकोनात मुलांना दोन खोल्यांच्या घराचा आराखडा आखू द्या. क्षेत्रफळ, शेकडेवारी आणि नफा-तोटा, तीन घटक एका तासात जोडले जातात. सहीचा अर्थ आणि कागद वाचून मगच सही करायची सवय, हेही बोलता बोलता सांगता येते.

विसार देण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न

हेतू एकच लिहिला आहे का?
वरखर्च, व्याज आणि कर धरून हिशेब मांडला आहे का?
एक पगार थांबला तरी सहा महिने हप्ता भरता येईल का?
तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या स्वतःच्या वकिलाने काढला आहे का? (विक्रेत्याने आणलेल्या वकिलाने नव्हे.)
सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का?
पैसे बँकेतूनच जाणार आहेत का?

सहापैकी एकाचेही उत्तर "नाही" असेल तर विसार आठ दिवस लांबवा. "आज टोकन दिले नाही तर उद्या दुसरा घेईल" असे कुणी म्हणाले तर खुशाल घेऊ द्या. तालुक्यात प्लॉट पुन्हा निघतात. आपली पुंजी मात्र पुन्हा जमवायला वीस वर्षे लागतात.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर वाचायला द्या.